धुकं पिणारा पूल

माझी वहिनी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती जळके केस घेऊन. खाली दादाचं सलून, वर आमचं घर. ती तेव्हा गावाबाहेरच्या टाक्यांच्या कारखान्यात वेल्डर होती. शिरस्त्राणाखालून निसटलेली वेणी ठिणग्यांनी करपली होती, आणि बायकांच्या पार्लरवालीने नाक मुरडून तिला वाटेला लावलं होतं. दादाने तिला खुर्चीत बसवलं, अंगावर कापड टाकलं आणि विचारलं, "किती कापू?" ती आरशात बघत होती, पण स्वतःकडे नाही, आरशात उलटा फिरणाऱ्या पंख्याकडे. बऱ्याच वेळाने म्हणाली, "जेवढं जळलंय तेवढं."

"त्याच दिवशी मी कापला गेलो," असं दादा अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

तिचा एक स्वभाव आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. वहिनीला तंद्री लागते. दूध उतू जातं आणि ती शेगडीसमोरच उभी असते. एकच सदरा दोनदा इस्त्री करते. बसमध्ये बसली की शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने हलवल्यावर उतरते आणि शांतपणे परत चालत येते, वाटेत काय काय दिसलं ते सांगत. आमची आई सुरुवातीला फार वैतागायची. "ही घरात असते खरी," ती मला म्हणायची, "पण हजर नसते."

मला मात्र ती तंद्री आवडायची. मी कालव्यापलीकडच्या इस्पितळात औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगायचं, आणि घरी येऊन बघावं तर खिडकीशी ही बाई, हातात अर्धवट सोललेलं सफरचंद, डोळे कुठेतरी लांब. तिच्या शेजारी नुसतं बसलं तरी डोकं हलकं व्हायचं.

वेल्डिंग करता करता तिने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डिप्लोमा केला, मग डिग्री. मध्ये चिमणी झाली. चिमणी म्हणजे माझी भाची. खरं नाव शाळेच्या पटावर आहे, घरात कोणी वापरत नाही. कशासाठी एवढी शिकतेस, असं मी एकदा वहिनीला विचारलं होतं.

ती म्हणाली, "मी इतक्या टाक्या केल्या. ट्रकवर चढली की टाकी गेली. पुढे तिचं काय झालं, कुठे गंजली, कुठे पिचकली, मला कधीच कळलं नाही. मला एक तरी वस्तू म्हातारी होताना बघायचीय."

मला तेव्हा ती गंमत वाटली. पण नंतर तिने विद्यापीठाच्या मुलाखतीत शब्दन्‌शब्द हेच उत्तर दिलं.

झालं होतं असं की विद्यापीठ, एक थ्रीडी प्रिंटिंगवाली कंपनी आणि नगरपालिका, अशा तिघांनी मिळून पीएचडीसाठी एक फेलोशिप काढली होती. कंपनी कालव्यावर लोकांना चालायला एक पोलादी पूल छापून देणार होती, आणि फेलोशिप मिळेल त्याने तो पूल आणि त्याचं डिजिटल जुळं, दोन्ही सांभाळत त्यावर प्रबंध लिहायचा होता. बाकीचे उमेदवार तरुण, भराभर बोलणारे. वहिनीला विचारलं, तुम्ही इथे का आलात. ती आधी खिडकीबाहेर बघत राहिली. समितीतल्या एका गृहस्थांना वाटलं की प्रश्न ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्याने परत विचारला. मग तिने ते टाक्यांचं सांगितलं. समितीत मॅडम होत्या, पुढे ज्या तिच्या गाइड झाल्या. त्या कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला हीच हवी."

घरी जेवताना बातमी फुटली. आईने हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे तू करणार काय?"

"पूल बघणार."

"आणि पैसे?"

"बघायचेच देतात, आई."

"दर महिन्याला? बसून बघायचे?" आईने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "मी जन्मभर या खिडकीतून रस्ता बघतेय. मला कोणी छदाम दिला नाही."

चिमणीला वेगळीच काळजी. "पुलाला जुळं कसं होतं? दोन पूल बांधणार?"

वहिनीने तिला मांडीवर ओढलं. "एकच बांधणार. त्याच्या अंगात बारीक बारीक सेन्सर बसवायचे. पुलावर कोणी चढलं, पूल तापला, गारठला, थरथरला, की ते संगणकाला कळवतात. संगणकात तसाच दुसरा पूल असतो. याला जे होतं ते त्यालाही होतं. आणि याला उद्या काय होईल, ते तो आजच सांगू शकतो."

"म्हणजे ह्याला गुदगुल्या केल्या की तो हसणार?"

"तसंच काहीसं."

पूल छापताना बघायला मी सुट्टीच्या दिवशी जायची. एक मोठी शेड, तिच्यात काळ्या काचेमागे एक रोबोटचा हात. हाताच्या टोकाशी तार. ती वितळत जायची आणि थेंबाला थेंब लागून ओळ व्हायची, त्या ओळीवर दुसरी. निळा प्रकाश एका लयीत उघडझाप करायचा. वहिनी स्टुलावर हनुवटीला हात लावून बसलेली. पूल इतका सावकाश वाढायचा की वाढताना दिसायचाच नाही; डबा खाऊन परत यावं तर कठड्याला वळण आलेलं असायचं. कठडे जाडजूड होते, आतून पोकळ, बाहेरून हाताला थरांच्या बारीक रेघा लागायच्या. निजलेल्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. तिथे बसलं की मलाही डुलकी यायची, आणि जाग आली की वाटायचं, तो हात माझ्या झोपेतही विणतच होता.

पूल कालव्यावर बसला. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला इस्पितळ. माझा वळसा वाचला.

पहिल्या दिवशी चिमणीला पुलावर पाठवून वहिनी मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. पडद्यावर तोच पूल, राखाडी, सभोवती काही नाही. पाणी नाही, आकाश नाही, काठ नाहीत. नुसता अधांतरी पूल. मग एका टोकाला फिकट पिवळं काहीतरी उमटलं, विरलं, पुढे पुन्हा उमटलं. मध्येच ते एका जागी जोरजोरात उजळायला लागलं.

"उड्या मारतेय," वहिनी म्हणाली.

मी त्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघत राहिले. माझी भाची, पण तिचा चेहरा नाही, आवाज नाही, फक्त तिचं असणं.

पुढे वहिनीला त्या पिवळ्याची भाषा येऊ लागली. बाबागाडी कशी येते, सायकल हातात धरून चालणारा कसा येतो, एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवणारी दोघं कशी येतात. तिला कोणाचं नाव कळायचं नाही, कळून घ्यायचंही नसायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, "सकाळी कोणीतरी येतं. मधोमध थांबतं. बराच वेळ. आणि आलं तसं परत जातं."

"जाऊन बघितलंस कोण ते?" दादाने विचारलं.

"छे. ते त्यांचं आहे."

उन्हाळा, पावसाळा असा गेला. वहिनीची तंद्री आता कामाची झाली होती, म्हणून आईला तिच्यावर रागावताही येईना. मग दिवस लहान झाले, पहाटे कालव्यावर धुकं उतरायला लागलं, आणि पूल व त्याचं जुळं यांचं एकमेकांशी पटेनासं झालं.

पहाटे पुलावर चिटपाखरू नसायचं. जुळं स्वतःच्या हिशोबाने म्हणायचं, पूल सरळ आहे. सेन्सर म्हणायचे, वाकलाय. अगदी केसभर, पण वाकलाय. उन्हं वर आली की तो हळूहळू सरळ व्हायचा. जणू कोणीतरी न दिसणारं रात्रभर येऊन बसतं आणि सकाळी उठून जातं.

वहिनीने सगळे सेन्सर तपासले. ठीक होते. ती झोपेत बोलायला लागली. एका सकाळी तिने मला तिचं स्वप्न सांगितलं. संगणकातला राखाडी पूल जिना उतरून, रस्ता ओलांडून कालव्यावर गेला होता आणि खऱ्या पुलाशेजारी उभा राहून विचारत होता, तुला होतंय तरी काय? आणि खरा पूल नुसता पाण्याकडे बघत होता.

कंपनीच्या वतीने फेलोशिपचं काम बघायला एक साहेब यायचे. त्यांना बारमाही सर्दी. वाक्याला एक शिंक. वहिनीने आणि मी त्यांचं नाव शिंकरेसाहेब ठेवलं होतं. ते म्हणाले, "अहो, केसभर फरकाचं काय घेऊन बसलात? थंडीने होत असेल. जुळ्यात एक दुरुस्तीचा आकडा घाला, दोघं जुळतील. वर्षाचा अहवाल तोंडावर आलाय."

वहिनीने मॅडमना विचारलं. मॅडमना एका कानाने कमी ऐकू येतं. त्या मान कलती करून नीट ऐकतात, म्हणून समोरचाही नीट बोलतो. त्या म्हणाल्या, "आकडा घातलास तर दोघं जुळतील खरी. पण का भांडत होती ते कळायचं नाही. तुझं काय म्हणणं?"

"मला जाऊन बसायचंय," वहिनी म्हणाली.

माझी सकाळची पाळी होती, म्हणून मीही तिच्याबरोबर निघाले. पुलावर पोचलो तर पलीकडचा काठ नव्हताच. पाणी नव्हतं. आमच्या पायांखाली पुलाचा थोडा तुकडा, बाकी सगळं पांढरं. दिव्याच्या खांबाभोवती पिवळसर गोळा तरंगत होता. पावलांचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा. आम्ही दोघी मध्यावर उभ्या राहिलो, आणि मला वाटलं, आपण त्या पडद्यातल्या पुलावर आलोय. तोही असाच अधांतरी.

वहिनी कठड्याला टेकून उभी. मला थंडी वाजत होती, मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "कोणी येऊन बसत नाही गं, हे धुकंच बसतं पुलावर. बिचारं दमून."

वहिनीने वळून माझ्याकडे पाहिलं. इतकं निरखून तिने माझ्याकडे लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. मग ती खाली बसली, पर्समधून घराची किल्ली काढली आणि कठड्यावर वाजवत गेली. वरच्या बाजूला टण्ण. मध्ये टण्ण. अगदी तळाशी, थप्प.

"वाजव," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात देऊन स्वतः कठड्याला कान लावून बसली. मी वाजवत राहिले. एक सायकलवाला धुक्यातून आला, आमच्याकडे बघून घंटी वाजवायचीही विसरला आणि तसाच धुक्यात गेला.

दोन दिवसांनी भर दुपारी मॅडम एक वायरीसारखा लवचीक कॅमेरा घेऊन आल्या, नळाच्या आत बघायला वापरतात तसला. सेन्सरच्या तारा जिथून आत जातात त्या भोकातून त्यांनी तो हळूहळू आत सोडला. छोट्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून मी माझा कोट तंबूसारखा धरला आणि आम्ही तिघींनी त्यात डोकी घातली.

आधी काळोख. मग तळाशी काहीतरी चकाकलं. पाणी होतं. अरुंद, लांबच लांब, एका वळणावरून पुढे दिसेनासं होणारं. आणि वर, थर जिथे एकमेकांवर बसले होते तिथे, सुईच्या टोकाएवढी छिद्रं. बाहेरून डोळ्यांना न दिसणारी. त्यांतून ऊन आत येत होतं. असंख्य ठिपके, काही तेजस्वी, काही विझत आलेले, आणि खाली पाण्यात त्या सगळ्यांची प्रतिबिंबं हलत होती. कोणीतरी वरून चालत गेलं तसं ते सगळं आकाश शहारलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"केवढं सुंदर आहे," मी म्हणाले.

"हो ना," वहिनी म्हणाली. तिचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता. "आणि हे गोठलं की पूल फाटणार."

तिने मला नंतर उलगडून सांगितलं. रात्री पोलाद गारठतं, आतली हवा आक्रसते, आणि त्या छिद्रांतून बाहेरचं धुकं आत ओढलं जातं. आत त्याचं पाणी होतं, तळाशी साठतं. उन्हाने थोडं सुकतं, सगळं नाही. पूल रोज घोटभर धुकं पीत होता. त्यात कोणाची चूक काढावी असं काही नव्हतं. असा पूल आधी कोणी बनवलाच नव्हता, तर हे कळणार कसं? पण कडाक्याची थंडी पुढ्यात होती. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, आणि कठडा म्हणजेच त्या पुलाचा कणा.

शिंकरेसाहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते म्हणाले, "पाण्याचं काय करायचं ते आपण करू. पण अहवालात आत्ता नको. कंपनी दुसऱ्या गावांचे पूल मिळवायच्या खटपटीत आहे. हे बाहेर गेलं तर सगळं बसलं. तुमची पुढची फेलोशिपही याच अहवालावर आहे, बाई."

"साहेब, जुळं खोटं बोलायला लागलं तर ते ठेवायचं कशाला?"

ते शिंकले. रुमालाआडून म्हणाले, "मला पटतंय हो. वरच्यांना कसं पटवू?"

त्या संध्याकाळी ती घरी हे सगळं सांगत होती. दादा म्हणाला, "मग काय ठरवतेस?"

"दुपारीच लिहून पाठवलं. नगरपालिकेलाही."

"मग आम्हाला विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

दादा हसायला लागला. आई हसली नाही. ताटं उचलून आत गेली.

पुलाच्या दोन्ही टोकांना अडथळे लागले. माझा वळसा परत आला, आणि माझ्यासारख्या सगळ्यांचा. गाव चिडलं. सलूनमध्ये सकाळपासून तोच विषय. एका गिऱ्हाइकाने दाढीचा फेस लावलेला असतानाच सुरुवात केली, की कोण ती बाई, केसभर वाकला म्हणून पूल बंद करते, आम्ही काय पोहत जायचं? दादाने वस्तरा पट्ट्यावर घासला. "ती बाई वर राहते," तो गोड आवाजात म्हणाला, "आणि ती माझी बायको आहे. आता मान वर करा आणि गप्प बसा, मी गळ्यापाशी आलोय."

फेलोशिप संपली. कंपनीने फार सभ्य भाषेत कळवलं. वहिनी सकाळी पुन्हा टाक्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथल्या लोकांनी तिला हसत सामावून घेतलं. तिची जागा, तिचा हातमोज्यांचा खण, सगळं तसंच होतं. दुपारी ती घरी यायची आणि खिडकीशी बसायची, पण ती पूर्वीची तंद्री नव्हती. ती फक्त दमलेली असायची. दोन्हींतला फरक सर्वांत आधी कळला तो आईला.

एक दिवस आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कारखाना दुपारी सुटतो ना तुझा?"

"हो, आई."

"मग दुपारी थेट घरी येऊन काय करतेस? चिमणीचं शाळेतून आणणं, तिचं खाणं, सगळं मी बघते. तू तुझा पूल बघ."

"आता त्याचे पैसे मिळत नाहीत, आई."

"मला तरी खिडकीचे कुठे मिळतात?"

मॅडमनी प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून परत घेतलीच नव्हती. वहिनी पुन्हा दुपारी जाऊ लागली, आणि रात्री जेवताना आई विचारू लागली, "काय म्हणतंय तुझं जुळं?"

जुळं धुकं प्यायला शिकत होतं. वहिनी आणि मॅडम मिळून त्याला ते शिकवत होत्या: किती गारठा, किती दमट हवा, किती पाणी. मी एकदा जाऊन पाहिलं. पडद्यावर रिकामा पूल, एकही पिवळा ठिपका नाही. कठड्यांच्या पोटात एक बारीक निळी रेघ, पहाटे वाढणारी, दुपारी ओसरणारी. आता दोघं बरोबर वाकत होती, बरोबर सरळ होत होती. एखादं लहान मूल झोपलंय आणि त्याची छाती वरखाली होतेय, तसं ते दिसत होतं.

"पहिल्यांदाच तो मला एकटा भेटतोय," वहिनी म्हणाली.

मग हवामानखात्याने कडाक्याच्या थंडीचा इशारा दिला. पाणी काढायला कठड्याला भोकं पाडावीत की नाहीत यावर नगरपालिकेतली दोन खाती अजून एकमेकांना पत्रं लिहीत होती. वहिनीने जुळ्याला ती थंडी आधीच दाखवली. शाळेकडच्या वळणावर, कठड्याच्या पोटाशी, एक जागा लाल झाली. तिने आणि मॅडमनी ते दोन्ही खात्यांना कळवलं, कंपनीलाही.

थंडी आली. सकाळी मी कामाला जाताना बघते तर वहिनी अडथळ्यापलीकडे, पुलाच्या वळणापाशी उकिडवी बसलेली. कठड्याची खालची शिवण तळहाताएवढी उसवली होती आणि त्यातून बर्फाची जीभ बाहेर आली होती. तीच जागा.

"खरं ठरलं गं," मी म्हणाले.

"मला खोटं ठरायला आवडलं असतं." तिने हातमोजा काढून त्या चिरेवर हात ठेवला. लहान मुलाचा ताप बघतात तसा. पूल बंद होता म्हणून कोणाला काही झालं नाही, पण तेव्हा तिच्या मनात ते नव्हतंच. तिला पुलाचं वाईट वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात शिंकरेसाहेब सलूनमध्ये आले आणि खुर्चीत बसले. दादा त्यांना ओळखत नव्हता, पण दुसऱ्या शिंकेला ओळखलं.

"केस कापायचेत की निरोप आहे?" दादाने विचारलं.

"दोन्ही." ते आरशातून दादाशी बोलत होते. "तुमच्या घरच्यांना सांगा, नगरपालिकेच्या पुलांच्या खात्यात जाऊन आलो. चिरेचा फोटो दाखवला, त्यांचा अहवाल दाखवला. आणि हा अहवाल आमच्याकडे आधीच होता, हेही सांगितलं."

"कंपनीत काय म्हणाले?"

"माझं टेबल खिडकीपासून जरा लांब गेलंय." ते हसले, मग शिंकले. "पण खातं म्हणतंय, त्यांची उरलेली फेलोशिप आता आम्ही देतो. पूल दुरुस्त कसा करायचा आणि त्याने धुकं प्यायलं तर ते बाहेर कसं काढायचं, हेच त्यांनी प्रबंधात करावं."

दादाने त्या दिवशी त्यांच्या कानामागचे केस फार निगुतीने कापले. मग कात्री तशीच हातात घेऊन जिना चढून वर आला. वहिनी पातेलं घासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली, आणि तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. आई मला हळूच म्हणाली, "परत लागली बघ हिची तंद्री." इतक्या समाधानाने तिने हे वाक्य आजवर कधी म्हटलं नव्हतं.

थंडी सरल्यावर दुरुस्ती झाली. कठड्यांच्या तळाशी पाणी निथळायला बारीक वाटा ठेवल्या. उसवलेला भाग कापून काढला आणि तिथे नवा भाग थरावर थर देत वहिनीने स्वतःच्या हाताने भरला. रोबोटचा हात त्या वळणात शिरत नव्हता. तो भाग बाकीपेक्षा उजळ दिसतो, अजूनही.

पूल पुन्हा उघडला तेव्हा समारंभ वगैरे काही नाही. दोन कामगार आले आणि अडथळे गाडीत घालून घेऊन गेले. वहिनी प्रयोगशाळेत पडद्यासमोर होती. तिचा मला दुकानात फोन आला, कुजबुजत, झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये अशा आवाजात. "कोणीतरी गेलं गं आत्ता."

"कोण?"

"चार पायांचं. घाईत होतं."

त्यानंतरही प्रबंधाला बराच काळ लागला. चिमणी तेवढ्यात उंचीने वहिनीच्या खांद्याला लागली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वहिनीला विचारलं, "पूल एक सांगत होता, त्याचं जुळं दुसरंच. तुम्ही विश्वास कोणावर ठेवलात?" आम्ही सगळे मागच्या बाकांवर बसलो होतो. वहिनीने प्रश्न ऐकला आणि तिचे डोळे लांब गेले. परीक्षक थांबले. मॅडमनी मान कलती केली. दादा माझ्या कानात म्हणाला, "गेली." कोणीतरी खोकलं. आईने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खोकला नाही.

मग वहिनी परत आली. "दोघांवरही," ती म्हणाली. "म्हणून तर भांडण ऐकू आलं."

घरी पोचल्यावर तिने बूट काढले, आतल्या खोलीत गेली आणि निजली. दुसरा दिवस उजाडला तरी निजलेलीच. अभिनंदनाला शेजारची माणसं येऊ लागली. आईने स्टूल घेऊन दारावरच्या घंटीतली बॅटरी काढली, ती पदराला बांधली आणि दारातच खुर्ची टाकून बसली. आलेल्याला ओठांवर बोट ठेवून खाली सलूनमध्ये पाठवायची. दादाने कात्री बंद ठेवून सगळ्यांना चहा दिला. मी दुपारी हळूच आत डोकावले. पडदा वाऱ्याने फुगत होता, ओसरत होता. चिमणीही तिच्या कुशीत झोपून गेली होती, शाळेच्या कपड्यांतच. दोघींचे श्वास एका लयीत चालले होते. मी दार लोटून घेतलं, आणि बाहेर येऊन आईशेजारी बसले.